कुलूप, किल्ली आणि रिद्धपूरच्या पोथ्या

वरूडला शिक्षकांच्या एका शिबिरात मी संगणकाच्या सुरक्षिततेबद्दल बोलत होतो. पासवर्ड कसा असावा, तो कुणाला सांगू नये, अशी नेहमीची यादी चालली होती. मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या शाळेतला पासवर्ड फक्त एका गुरुजींले माहीत होता. त्यांची बदली झाली, नंबर बदलला. साऱ्या वर्गांचे गुण आम्ही पुन्हा हातानं भरले. मंग तो पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवला असता तं काय बिघडलं असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर मात्र मला चटकन देता आले नाही. पासवर्ड भिंतीवर लिहू नये हे खरे. पण ज्यांच्यासाठी माहिती जपायची, त्यांनाच ती मिळेनाशी झाली, तर त्या जपण्याला काय अर्थ?

परतताना गाडी मोर्शीवरून चालली होती, आणि या प्रश्नाचे उत्तर जवळच आहे हे माझ्या ध्यानात आले. ते सातशे वर्षांचे जुने आहे, आणि मोर्शी तालुक्यातल्याच एका गावाशी बांधलेले आहे. ते गाव म्हणजे रिद्धपूर.

मराठी गद्याचे घर

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची स्थापना केली. त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरला राहत. चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी गोविंदप्रभूंच्या आश्रयाने रिद्धपूरला जमले. यांच्यातल्याच महदंबेने गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून धवळे रचले. तिला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो. आणि इथेच १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला. तो म्हणजे 'लीळाचरित्र', मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ.

म्हाइंभटांची कामाची पद्धत आजच्या संशोधकालाही शोभावी अशी होती. ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहता ते ज्यांच्यासमोर प्रसंग घडला त्यांना गाठत, विचारत, पडताळून पाहत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्याभोवती संस्कृत जाणणारे विद्वान शिष्य होते. तरीही ग्रंथरचना मराठीतच व्हावी असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृतात लिहिले तर साधी माणसे, बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. म्हणजे या पंथाची सुरुवात ज्ञान खुले करण्यापासून झाली. पुढे त्याच ज्ञानाला कुलूप लागले. ते का आणि कसे लागले, हे आता पाहू.

पोथी हरवली तेव्हा

संगणकाच्या सुरक्षिततेचे शास्त्र तीन गोष्टी सांभाळायला सांगते. पहिली गुप्तता : नको त्याच्या हाती माहिती पडू नये. दुसरी शुद्धता : माहितीत कुणी फेरफार करू नये, झाला तर तो कळावा. तिसरी उपलब्धता : ज्याला माहितीचा अधिकार आहे त्याला ती हवी तेव्हा मिळावी. आपण सुरक्षितता म्हटले की फक्त पहिलीचा विचार करतो. रिद्धपूरच्या पोथ्यांचा इतिहास मात्र तिन्हींचा धडा देतो.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा दख्खनेत आल्या, यादवांचे राज्य बुडाले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. प्रत एकच होती आणि ती गेली. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर 'बॅकअप' नव्हता.

पण तो अगदीच नव्हता असेही नाही. तो माणसांच्या डोक्यात होता. ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांनी तो पुन्हा सांगितला, आणि पुन्हा लिहिला गेला. वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातून आल्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ तयार झाले. इथे पंथातल्या जुन्या मंडळींनी फार शहाणपणाची गोष्ट केली. भिन्न आठवणी त्यांनी पुसून टाकल्या नाहीत. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, हे नावानिशी नोंदवून ठेवले. म्हणून आजचा अभ्यासक पाठ ताडून पाहू शकतो. शुद्धता राखण्याचा हा प्रामाणिक मार्ग होता.

सकळ लिपी

यानंतर पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. यांतली सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. ती चौदाव्या शतकात रवळोबासांनी तयार केली असे मानतात. 'सह्याद्रिवर्णन' या काव्याचे कर्ते ते हेच. पुढे सुंदरी लिपी, अंक लिपी, शून्य लिपी, सुभद्रा लिपी, वज्र लिपी अशा आणखी कितीतरी लिप्या पंथाच्या शाखांमध्ये प्रचारात आल्या.

असे का केले असावे? पवित्र वचने अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, विरोधकांनी त्यांचा विपर्यास करू नये, नकलताना कुणी त्यांत भर घालू नये, अशी कारणे अभ्यासक देतात. ती सगळीच थोडीथोडी खरी असतील.

अशा लिपीचे तत्त्व सोपे आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. कुठल्या अक्षराच्या जागी कुठले, याचा तक्ता म्हणजे किल्ली. ज्याच्यापाशी तक्ता त्याला पोथी वाचता येते, इतरांना ती निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

हे समजण्यासाठी आपण आपलीच एक लिपी तयार करू. (हा तक्ता सकळ लिपीचा नाही, फक्त उदाहरणासाठी आहे.) पाच जोड्या घ्या : क आणि त, र आणि म, ल आणि न, प आणि स, ग आणि ह. जोडीतले एक अक्षर आले की दुसरे लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी जशीच्या तशी ठेवायची. मग 'कमल' चे होते 'तरन', आणि 'नागपूर' चे होते 'लाहसूम'. उलट वाचायलाही हाच तक्ता चालतो. पाचवीच्या मुलांना हे दहा मिनिटांत जमते, आणि मग ती तासभर थांबत नाहीत.

तीन वर अडतीस शून्ये

आता शिक्षकाने विचारायचा प्रश्न असा : ही लिपी किती मजबूत आहे?

पाचच जोड्या न घेता सगळी ३४ व्यंजने हवी तशी अदलून-बदलून घेतली, तर किती वेगवेगळे तक्ते तयार होतील? पहिल्या व्यंजनासाठी ३४ पर्याय, दुसऱ्यासाठी ३३, तिसऱ्यासाठी ३२... यांचा गुणाकार होतो जवळजवळ ३ वर ३८ शून्ये. एखाद्या यंत्राने सेकंदाला शंभर कोटी तक्ते तपासले, तरी सगळे संपायला सुमारे १ वर २२ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, म्हणजे १४ वर ९ शून्ये. याच्या तुलनेत एटीएमच्या चार आकडी पिनचे पर्याय फक्त दहा हजार.

म्हणजे ही लिपी अभेद्य झाली का? नाही. वर्गातली चार चुणचुणीत मुले ती एका दुपारी फोडू शकतात. कारण त्यांना सगळे तक्ते तपासायचेच नसतात. मराठीचा एक उतारा आपल्या पाच जोड्यांच्या लिपीत लिहून मुलांना द्या. त्यांना दिसेल की पुष्कळ वाक्यांच्या शेवटी 'आगे' असा शब्द येतो. मराठी वाक्याच्या शेवटी वारंवार येणारा, 'आ' ने सुरू होणारा आणि एकारान्त शब्द कोणता? 'आहे'. म्हणजे 'ग' च्या जागी 'ह'. एक किल्ली सापडली. मग शब्दांच्या शेवटचे 'ला', 'ची', 'त' हे प्रत्यय ओळखायचे. सापडलेली प्रत्येक जोडी पुढच्या जोडीची वाट दाखवते.

ही युक्ती फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने ती लिहून ठेवली. कोणत्याही भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरातली चिन्हे मोजा, भाषेतली अक्षरे मोजा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अक्षराने वेष बदलला तरी त्याची येण्याजाण्याची सवय बदलत नाही. महानुभाव ग्रंथांत तर चक्रधरांसाठी 'सर्वज्ञ' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पुन्हा पुन्हा येणारा असा शब्द हा लिपी सोडवणाऱ्याचा चांगला मित्र असतो.

यातून विज्ञानाचा एक नेमका धडा मिळतो. पर्यायांची संख्या मोठी असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. 'आमच्या यंत्रात अब्जावधी किल्ल्या आहेत' अशी जाहिरात कुणी केली, तर विचारावे : सगळ्या तपासून पाहण्यावाचून दुसरी वाट खरोखर नाही ना?

गुप्त काय ठेवावे?

१८८३ मध्ये ऑग्युस्त केरखॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने फ्रेंच लष्करी मासिकात गुप्तलेखनाचे काही नियम मांडले. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा असा : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. म्हणजे कुलूप कसे घडते हे सगळ्या गावाला माहीत असले तरी चालेल, माझ्या कुलपाची किल्ली तेवढी माझ्यापाशी असावी.

आज सारे जग हा नियम पाळते. बँकेचे व्यवहार ज्या पद्धतीने कूटबद्ध होतात, त्यांतली एक मोठी पद्धत म्हणजे एईएस. ती अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. पण त्याआधी जगभरातल्या तज्ज्ञांची खुली स्पर्धा घेतली. सगळ्यांनी एकमेकांच्या पद्धती फोडायचा प्रयत्न केला, आणि बेल्जियमच्या दोघांची पद्धत टिकली. ती आज कुणीही पुस्तकात वाचू शकतो. ती वाचल्याने तुमच्या खात्यातला रुपयाही हलत नाही.

केरखॉफ्सचा आणखी एक नियम मला तितकाच मोलाचा वाटतो. पद्धत वापरायला सोपी असावी, तिने माणसाच्या मनावर ताण आणू नये आणि नियमांची लांबलचक यादी लक्षात ठेवायला लावू नये. हा नियम मात्र आपण सारखा विसरतो.

कुलपाची किंमत

पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या, आणि पंथापुरते ते कामही झाले. पुढे पंथ पंजाबात गेला, तिथे तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला. त्याच्याबरोबर मराठी पोथ्याही गेल्या आणि जपल्या गेल्या. हे श्रेय पंथाला दिलेच पाहिजे.

पण बाकीच्या मराठी समाजासाठी हे दार बंद झाले. शतकानुशतके मराठी माणसाला आपल्या भाषेतला सर्वांत जुना गद्य ग्रंथ ठाऊक नव्हता. जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक तर्क करतात, आणि ते क्वचितच चांगले असतात. पंथाबद्दल कितीतरी गैरसमज पसरले. त्याची खूण भाषेत राहिली आहे. 'महानुभाव' चे बोलीतले रूप 'मानभाव', आणि त्यावरून आलेला 'मानभावी' हा शब्द आपण आजही ढोंगी या अर्थाने सहज वापरतो. या निंदेची कारणे अनेक होती. पण स्वतःचे ग्रंथ पुढे करून 'हे पाहा, आम्ही असे आहोत' म्हणण्याची सोय कुलपाने काढून घेतली, हेही त्यांतले एक होते.

१९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि तिची किल्ली अभ्यासकांसमोर ठेवली. पंथातल्या काही महंतांनीही मोठ्या मनाने पोथ्या खुल्या केल्या. वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाची ओळख करून दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी पुढची कित्येक वर्षे या पोथ्यांवर घालवली. ही कामे मोठ्या प्रमाणावर विदर्भातच झाली, हे आपण मुलांना आवर्जून सांगायला हवे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे त्यामुळे नव्याने लिहावी लागली. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा केली, ती याच रिद्धपूरसाठी.

म्हणजे हिशेब असा झाला : गुप्तता साधली, शुद्धता बरीचशी राखली गेली, पण उपलब्धता हरवली. नागदेवाचार्यांना ज्या साध्या माणसांची काळजी होती, तीच दाराबाहेर राहिली.

आजची कुलपे

संगणकाला पासवर्ड लावण्याची कल्पना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकजण वाटून घेत, आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे. १९६२ मध्ये तिथल्या ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वेळ अपुरा पडू लागला. त्याने एक छिद्रांचे कार्ड टाकून पासवर्डांची सबंध फाईल छापून घेतली! कुलूप नवे होते, पण सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीवर टांगलेल्या होत्या.

उलट बाजूचे उदाहरण १९९९ चे. पत्रव्यवहार कूटबद्ध करणारा 'पीजीपी' हा उत्तम कार्यक्रम तेव्हा उपलब्ध होता. गणिताच्या दृष्टीने त्याला तोड नव्हती. दोन संशोधकांनी १२ माणसांना तो देऊन दीड तासात एक पत्र सही करून, कूटबद्ध करून पाठवायला सांगितले. फक्त चौघांना ते जमले. तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. नवी कल्पना खरी असणे आणि ती साध्या माणसाच्या हाती चालणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

पासवर्डाच्या नियमांचेही तसेच. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक आकडा, एक चिन्ह, एक मोठे अक्षर घाला, हे आपण वर्षानुवर्षे ऐकले. परिणाम काय झाला? माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवू लागली, किंवा चिठ्ठी पडद्याला चिकटवू लागली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेने हे नियम मागे घेतले. आता शिफारस आहे ती लांब पण लक्षात राहील अशा शब्दमालेची, आणि तो फुटल्याची शंका आली तरच बदलण्याची.

याउलट आपला बैलबाजार पाहा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. ना यंत्र, ना कागद, ना मागे काही पुरावा. जेवढे लपवायचे तेवढेच लपते, तेही तेवढ्याच वेळापुरते. व्यवहारात चालणारी सुरक्षितता अशी असते.

आता माझी स्वतःची गोष्ट. पीएच.डी. करत असताना दोन वर्षांची मोजमापे मी एका डिस्कवर कूटबद्ध करून ठेवली. कुणी चोरू नये म्हणून पासवर्ड मुद्दाम अवघड घेतला आणि कुठेही लिहिला नाही. सहा महिन्यांनी डिस्क उघडायला बसलो, तर तो आठवेना. अजूनही आठवलेला नाही. ती मोजमापे चोरायला कुणी येणारही नव्हते. मी फक्त स्वतःपासून ती सुरक्षित ठेवली. डिस्क अजून माझ्या कपाटात आहे. एक सबंध पावसाळा मी पुन्हा मोजण्यात घालवला.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

म्हणून कुठलेही नवे तंत्र समोर आले, की तीन साधे प्रश्न विचारावेत. काय जपायचे आहे, आणि कुणापासून? प्रामाणिक माणसाला रोज त्याचा किती त्रास होणार? आणि किल्ली हरवली, किल्लीवाला गेला, तर पुढे काय?

शाळेच्या बाबतीत उत्तर असे निघते. पासवर्ड भिंतीवर नको, कारण तिथून तो मुलांनाही दिसतो आणि गुण बदलण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो. पण तो एकाच माणसाच्या डोक्यातही नको. कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावा. बदली झाली की कार्यभाराच्या यादीत किल्ल्यांबरोबर त्याचीही नोंद व्हावी, आणि नव्या माणसाने तो बदलून घ्यावा. गुणांची एक प्रत वेगळ्या जागी असावी. आणि फोनवर येणारा ओटीपी मागणाऱ्याला, तो कुणीही असल्याचे सांगो, देऊ नये. कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली आपणच हाती दिल्यावर ते काय करणार? या उपायांत नवे यंत्र एकही नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी : पाठ्यपुस्तकातल्या एका पानावरची व्यंजने मुलांना गटागटाने मोजायला सांगा आणि आलेख काढून घ्या. दुसऱ्या गटाला दुसरे पान द्या. दोन्ही आलेखांचा आकार किती सारखा येतो ते पाहून मुले थक्क होतात. मग एका गटाने लिपी करावी, दुसऱ्याने ती आलेखाच्या मदतीने फोडावी. आणि शक्य असेल तर सहल रिद्धपूरला न्यावी. वरूडहून तास-दीड तासाची तर वाट आहे.

त्या बाईंना मी हे सारे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. पाकीट तयार झाले होते, सह्याही झाल्या होत्या. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती : आता कपाटाच्या दोन किल्ल्या कुणाकुणाकडे असाव्या, यावर शाळेत चर्चा चालू आहे.